अस्थिभस्मातील ‘कॅल्शियम’ कोणते?

सुधावर्गातील सर्व भस्मांना ‘कॅल्शियम’ या एकाच शब्दात गुंडाळण्याची सवय आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. ती रुग्णहिताची नाही. प्रवाळ, मौक्तिक, शंख, कपर्दिका व कुक्कुटांडत्वक् ही द्रव्ये मूलतः कॅल्शियम कार्बोनेट होत. गोदंती हे कॅल्शियम सल्फेट. अजास्थी व मृगशृंग यांचे भस्म मात्र मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइट या खनिजाचे असते. मानवी हाडे व दात यांचा खनिज भाग याच जातीचा असल्याने अस्थिरोपणात आणि दंतचिकित्सेत त्याचा वापर होतो. चरकाचार्यांनी शारीरस्थानात अस्थीच्या पोषणासाठी तरुणास्थी सांगितली, त्यामागील सामान्य-विशेष सिद्धांताशी हे सुसंगत आहे.

तथापि समानता म्हणजे निरपवाद हितकारकता नव्हे. जीर्ण वृक्कविकारात फॉस्फरसचा निचरा मंदावून तो रक्तात साठतो. अशा रुग्णास अस्थिभस्म अपायकारक ठरू शकते. उलट कॅल्शियम कार्बोनेट आधुनिक वैद्यकात जेवणासोबत फॉस्फेट बांधून ठेवण्यासाठीच देतात. दोन्ही ‘कॅल्शियम’च, पण कार्य परस्परविरुद्ध!

मृगशृंगाच्या व्यापारावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची बंधने आहेत. त्यामुळे औषधनिर्मात्यांपुढे अजास्थीचा मार्ग उरतो. म्हसवडसारख्या माणदेशी गावांत शेळीपालन घरोघरी असल्याने कच्चा माल दुर्मीळ नाही. परंतु शरीरात गेलेल्या शिशाचा मोठा साठा हाडांतच होतो, आणि अग्निपुटाने सेंद्रिय भाग जळाला तरी शिसे निघून जाईलच असे नाही. म्हणून प्रत्येक घाण्याची तपासणी व्हावी. शिशाची मर्यादा दशलक्षात १० भाग आहे.

याच माणदेशात पंढरीची वाट चालणारे माळकरीही पुष्कळ आहेत. ‘अजास्थी’ म्हणजे शेळी-बोकडाचे हाड, हे पुडी हातात घेणाऱ्या किती जणांना उमगते? त्यांना न सांगता ते देणे हा विश्वासाचा भंग होय. सांगितल्यावर कोणी नाकारले, तर कांडवेलीसारखे वानस्पतिक द्रव्य आपल्याजवळ आहेच.

सबब वैद्यबंधूंनी भस्म देण्यापूर्वी वृक्काची स्थिती व रुग्णाची संमती पाहावी. औषधशाळांनी वेष्टनावर क्षाराचा प्रकार, प्राण्याचे नाव आणि शिशाच्या तपासणीचा निष्कर्ष सुबोध मराठीत छापावा. शास्त्राची प्रतिष्ठा अशा स्पष्टतेनेच वाढेल.