किल्ली कोणाच्या हाती?

धडधाकट यंत्र एका रात्रीत निरुपयोगी व्हावे आणि त्याचा एकही भाग तुटलेला नसावा, हा अनुभव आता संगणकधारकांना नवा राहिलेला नाही. प्रणालीची नवी आवृत्ती बसते. सकाळी पाहावे तो बिनतारी जोडणी बंद आणि पडदा काळा! दोष यंत्राचा नसतो. यंत्र आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, यांच्यामधला दुभाषा जो ड्रायव्हर, तो नव्या कर्नेलला परका झालेला असतो.

लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्समध्ये हा प्रश्न विशेष तीव्र आहे. काल चाललेला सामान्य कार्यक्रम उद्याही चालला पाहिजे, हे लिनक्सचे व्रत आहे. परंतु कर्नेलच्या अंतर्गत व्यवहाराला ते लागू नाही. तेथील एखाद्या रचनेत एक रकाना वाढला, तरी जुन्या मापाने बेतलेली बंद फाईल भलत्याच जागी हात घालते. म्हणूनच कर्नेल तिच्यावरील आवृत्तीची खूण पाहून तिला दारातून परत पाठवू शकते. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाचे निःसंदिग्ध समर्थन केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, मूळ आज्ञावली मुख्य संग्रहात द्या. मग आतली रचना जो बदलील, तोच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करील.

कंपन्यांचा पक्ष अगदीच पोकळ नव्हे. व्यापारी गुपिते असतात, आणि प्रत्येक कर्नेलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणे खर्चाचे असते. शिवाय स्थैर्य अशक्य आहे असेही नाही. रेड हॅट आपल्या आवृत्तीपुरते ठराविक अंतर्गत दुवे स्थिर राखते. गूगलनेही अँड्रॉइडच्या सामाईक कर्नेलसाठी असाच करार केला आहे. मात्र हे करार त्या त्या आवृत्तीपुरतेच असतात.

आणि स्थैर्य म्हणजे सुरक्षितता नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाईलीने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवासपत्रे हाताने लिहावी लागली. तेथे ड्रायव्हर जुळत नव्हता असे नाही. गाभ्यात शिरलेल्या परक्याची एक चूक पुरेशी ठरली. उलट, बंद ड्रायव्हरच्या सोयीसाठी जुनेच कर्नेल धरून बसावे, तर त्यातील उघडी भगदाडे तशीच राहतात. ग्राहकाची ही दुहेरी कोंडी आहे.

एनव्हिडियासारख्या कंपनीनेही मे २०२२ मध्ये कर्नेलमध्ये चालणाऱ्या भागाची आज्ञावली खुली केली. तिचे बाकीचे सॉफ्टवेअर बंदच राहिले, ही गोष्ट खरी. तथापि गाभ्यापुरते गुपित सोडले तरी व्यापार बुडत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे आणि रुग्णालये यांनी यंत्रे घेताना निविदेतच अट घालावी : ड्रायव्हर मुख्य संग्रहात असावा, नसल्यास अमुक वर्षे तो नव्या कर्नेलसाठी बांधून देण्याची लेखी हमी असावी, आणि ती हमी सरली की मूळ आज्ञावली खरेदीदाराच्या हवाली व्हावी. किंमत मोजून घेतलेल्या घराची किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात राहत असेल, तर त्या व्यवहाराला खरेदी म्हणत नाहीत. ते भाडे होय.