बंदी नव्हती, अट होती

लांजा तालुक्यातलं कोट हे झाशीच्या नेवाळकरांचं, म्हणजे राणी लक्ष्मीबाईच्या सासरचं मूळ गाव. त्यामुळे आम्हा रत्नागिरीकरांना घोड्यावरच्या राणीचा भारी अभिमान. ती लढताना गेली १८५८ साली. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत बाईला प्रवेश मिळाला तो १९५२ साली!

तोवर ‘बायकांना मनाई’ अशी पाटी तिथे लागतच नव्हती. स्पर्धक लष्करी अधिकारी हवा, एवढीच अट. बाई अधिकारी होणारच नव्हती, मग मनाई लिहायची गरजच काय? ही अट पुरुषांनाही वर्गाप्रमाणे वेगळं काढायची. १९४८ साली जिंकलेल्या स्वीडनच्या संघाचं सुवर्णपदक पुढे काढून घेतलं गेलं, कारण त्यातला एकजण मुळात साधा सार्जंट होता. त्यानंतर नियम सैल झाला.

१९५२ला हेलसिंकीत डेन्मार्कची लिस हार्टेल उतरली. पोलिओने तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडलेले, घोड्यावर बसायलाही मदत लागायची. पुरुषांच्या बरोबरीने खेळून तिने रौप्यपदक मिळवलं. तरी सगळी दारं उघडली नाहीत. उड्यांच्या स्पर्धेत बायका आल्या १९५६ला, तीन प्रकारांच्या खडतर ‘इव्हेंटिंग’मध्ये १९६४ला. आज या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने उतरतात.

आपल्याकडे? २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताच्या ज्या चौघांनी घोडेस्वारीत सांघिक सुवर्ण मिळवलं, त्यांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोघीजणी होत्या. पण २०२४च्या पॅरिसपर्यंत भारतातर्फे ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत एकही बाई उतरलेली नाही.

मैत्रिणींनो, घोड्याचं मी इतकं का सांगतेय? आरे-वारे भागात बचत गटांचं काम करताना हीच अट मला रोज भेटते. समुद्र बघायला पर्यटक येतात. त्यांना घरात उतरवायचं, जेवू घालायचं काम बाईचं. पण त्यासाठी कर्ज मागायला गेली की उत्तर ठरलेलं : “बायकांना नाही कोण म्हणतं? फक्त सातबारा नावावर हवा.” सातबारा सासऱ्याच्या, नवऱ्याच्या नावावर. माहेरी २००५च्या कायद्याने समान वाटा आहे, पण भावाचं मन मोडू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही झालेली.

म्हणून नुसतं ‘बंदी नाही’ यावर समाधान मानू नका. अट काय आहे आणि ती कोण पुरी करू शकतं, हे विचारा. आणि हक्कसोडपत्र पुढे आलं, तर सही करण्याआधी गटात वाचून घ्या.