बावखले बुजवू नयेत

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्टीतील आगाशी, निर्मळ, नाळे, भुईगाव आदी गावांची बागायत ज्या पाण्यावर उभी राहिली, ते नदीचे अथवा कालव्याचे पाणी नव्हे. किनाऱ्यालगतच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी ते. राजेळी केळी व तिची सुकेळी, विड्याची पाने, सोनचाफा, भाजीपाला ही सारी या उथळ गोड्या पाण्याची देणगी होय. हे पाणी हाताशी यावे म्हणून पूर्वजांनी वाड्यांतून बावखले खोदली. अलीकडे ती भराव घालून बुजविली जात आहेत. कित्येकांस बावखल म्हणजे डासांचे आगर व वाया गेलेली जागा वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते वाडीचे अत्यंत उपयुक्त साधन आहे, आणि त्याचे कारण जमिनीखाली पाहावयास हवे.

गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून किंचित हलके असते. त्यामुळे किनाऱ्यालगत जमिनीत शिरलेले खारे पाणी खाली राहते व गोडे पाणी, आमटीवर तेलाचा तवंग राहावा तसे, त्यावर राहते. घायबेन व हर्झबर्ग या युरोपीय अभियंत्यांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी याचे प्रमाण सांगितले. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ फूट असेल, तर सपाटीखाली ते सुमारे ४० फुटांपर्यंत असते. हे ऐकून आनंद होतो. परंतु हाच हिशेब उलटाही चालतो. अतिउपशाने वरची पातळी १ फूट उतरून तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर चढू शकते. विंधन विहिरीच्या तळाशी पंप जोराने ओढू लागला की नेमके त्याच जागी खारे पाणी शंकूसारखे वर सरकते. कोरडी पडलेली विहीर पुढील पावसाने भरते. खारावलेली विहीर गोडी होण्यास मात्र अनेक पावसाळे लागू शकतात.

बावखल रुंद व उथळ असते. तेवढेच पाणी पसरट जागेतून घेतल्यामुळे पातळी थोडीच उतरते, आणि उचलले जाते ते वरचे, सर्वांत गोडे पाणी. शिवाय पावसाळ्यात आसपासचे पाणी त्यात उतरून मुरते. त्यावरील रहाटाची चाल संथ. जनावर थकले की उपसा थांबे व रात्रीत पाझर भरून येई. यावरून पूर्वज भूजलशास्त्री होते असा दावा करण्याचे कारण नाही. साधनच असे होते की अतिरेक होत नसे. रहाट आता परत येणार नाही, आणि यावा असेही नाही. परंतु कमी अश्वशक्तीचा पंप बसविणे, त्याच्या नळीचे तोंड तळाशी न सोडता वरच्या थरात ठेवणे व उपशास मधूनमधून विश्रांती देणे, एवढे कोणासही पाळता येईल.

येथे एक अवघड प्रश्न येतो. मजूर मिळत नाहीत, मुले नोकरीस गेलेली, वाडीचे उत्पन्न बेभरवशाचे. अशा वेळी दारी आलेल्या टँकरवाल्यास पाणी विकण्याचा मोह कोणास पडणार नाही? त्या शेतकऱ्यास नुसती नावे ठेवून भागणार नाही. तथापि ते पाणी त्याच्या एकट्याच्या सातबाऱ्याखालचे नसते. शेजाऱ्याच्या बांधाखालून ते आलेले असते. शेजाऱ्याने काहीच विकलेले नसते, तरी त्याची केळ करपते.

कायद्यातही किनाऱ्याचा निराळा विचार व्हावयास हवा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यात ६० मीटर वा त्याहून अधिक खोलीची विहीर ही ‘खोल विहीर’ मानली आहे. घाटावरील कातळास ही मर्यादा शोभते. वसईच्या वाडीत २० मीटरही पुष्कळ खोल ठरू शकतात.

हे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत ग्रामसेवकांनी व कृषिसेवकांनी गावातील बावखलांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. दिवाळीनंतर, होळीस व मेअखेरीस निवडक विहिरींची पातळी आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजून आकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. वाहकता ०.७५ डेसिसीमेन प्रति मीटरपर्यंत असल्यास पाणी सर्वसाधारणपणे निर्धोक समजावे, २.२५ च्या वर गेल्यास तेथील उपसा तत्काळ कमी करावा. नारळ बरेच सोसतो, केळ सोसत नाही. मात्र केळीच्या पानांच्या कडा करपेपर्यंत वाट पाहू नये.

बावखलाचा गाळ मे महिन्यात काढावा. तो काढताना मूळ तळाच्या खाली खणू नये. अधिक पाण्याच्या आशेने खोल नेलेले बावखल खाऱ्या पाण्याच्याच जवळ जाते. डासांसाठी भराव नको, गप्पी मासे सोडावेत. त्यांची मागणी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे करावी.