चारच्या भुकेला लहान धिरडी

दुपारी चार ही वेळ मोठी अडनिडी. मुले शाळेतून आलेली, डबा अर्धाअधिक परत आलेला, आणि रात्रीच्या जेवणाला अजून चार तास. अशा वेळी जे हाताशी लागेल ते पोटात जाते. हल्ली हाताशी लागते ते बहुतेक पाकिटातलेच. पाकिटाला नावे ठेवून उपयोग नाही. त्याच्याइतके लवकर होणारे आणि मुलांना आवडणारे दुसरे काही घरात असले पाहिजे. ते आपल्याकडे आहे, फक्त त्याचे नाव जुने झाले आहे: धिरडी.

आमच्या घरी मागणी आली ती पॅनकेकची. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, सासर गोकाककडचे. त्यामुळे स्वयंपाकघरात दोन भाषा नांदतात आणि मुले शाळेतून तिसरी घेऊन येतात. धाकट्याने मोबाईलवर चित्र दाखवले तेव्हा सासूबाईंनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘इदु दोसी अल्लेनु?’’ म्हणजे, ही दोसीच नव्हे का? (बेळगाव-धारवाडच्या कन्नडमध्ये ‘दोसे’ची ‘दोसी’ होते, ‘मने’ची ‘मनी’ होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.) मी म्हटले, हे तर आमचे गुळाचे धिरडे. तिघांचेही बरोबर होते.

फरक आहे तो एवढाच. पॅनकेकमध्ये मैदा, अंडे, दूध आणि फुगण्यासाठी बेकिंग पावडर असते. आपले धिरडे न फुगता पातळ आणि कडेने जाळीदार होते. मुलांना फुगलेलेच हवे असेल तर पिठात दोन चमचे आंबट ताक घालावे आणि तव्यावर घालण्याच्या अगदी आधी चिमूटभर खायचा सोडा. ताकातली आंबटाई आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ हलके होते. सोडा आधी घालून ठेवला तर तो वायू भांड्यातच निघून जातो.

आता प्रमाण. एक वाटी कणीक, दोन चमचे तांदळाचे पीठ, अर्धी वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. गूळ वाटीभर कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गाळायचा कंटाळा करू नये, गुळात काय काय निघते ते एकदा गाळणीत पाहावे! पाणी निवले की त्यात पीठ थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात आणि पंधरावीस मिनिटे झाकून ठेवावे. तेवढ्यात कणीक पाणी पिते आणि धिरडे चिवट होत नाही. घट्ट वाटले तर पाण्याचा हबका द्यावा. पीठ पळीतून सरळ पडावे, पण पाण्यासारखे वाहू नये. तांदळाच्या पिठाने कडा कुरकुरीत होतात आणि उलटताना धिरडे फाटत नाही. फार पिकून काळे पडलेले केळे घरात असले तर ते कुस्करून घालावे आणि गूळ निम्मा करावा.

आच मंद हवी. गूळ लवकर करपतो, आणि तवा फार तापला की धिरडे वरून काळे नि आतून कच्चे राहते. बिडाचा तवा सर्वांत उत्तम. त्याला तूप पुसायला अर्धा कांदा वापरतात, पण तो तिखटाच्या धिरड्याला. गोडाला कांद्याचा वास येतो, म्हणून बटाट्याची अर्धी फोड घ्यावी. धिरडी तळहाताएवढीच घालावी, एका वेळी तीन बसतात. लहान असली की मुलांनाही उलथता येतात.

गुळाविषयी थोडे. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्या बाजूला महालिंगपूरची गुळाची पेठ प्रसिद्धच आहे. घेताना पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. रंग उजळण्यासाठी अनेकदा रसायन वापरलेले असते. गडद तपकिरी गूळ दिसायला गरीब, पण चवीला खरा. मात्र ‘गूळ आहे, मधुमेहाला चालतो’ असे जे सर्रास म्हटले जाते ते खोटे आहे. गूळ म्हणजे साखरच, रक्तातली साखर तोही वाढवतो. सासूबाईंना बारा वर्षे मधुमेह आहे. गोड धिरडी त्या घालतात, खात नाहीत.

त्यांच्यासाठी त्याच तव्यावर दुसरी होतात. एक वाटी ज्वारीचे पीठ, तीन चमचे बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि ताक. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून बेसन हवेच. ही मात्र आधी घालावीत की नंतर, असा प्रश्न नको. गोड आधी, तिखट नंतर, नाहीतर कांद्याचे तेच. सोबत शेंगांची चटणी किंवा कारळाची, ज्याला सासरी गुरेळ्ळू म्हणतात.

नावांचा विषय निघालाच आहे तर, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘धोसक’ हा पदार्थ आहे, आणि तो डाळींच्या पिठाचा आहे. आजच्या तांदळाच्या डोशापेक्षा तो आपल्या बेसनाच्या धिरड्याला जवळचा वाटतो. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्या राज्यात मराठी मुलूखही होता आणि कन्नडही. तेव्हा धिरडे कोणाचे आणि दोसी कोणाची, हा वाद निदान तव्यापुढे तरी करू नये.

मला स्वतःला या खाण्याची गरज वेगळ्याच कारणाने वाटली. धाकट्याला कन्नड कळते, पण बोलता येत नाही. आजी-नातवाचे बोलणे ‘‘ऊट आतेनु?’’ आणि ‘‘हूं’’ यावर आटोपायचे. एका घरात राहून दोघांपाशी एकमेकांसाठी शब्द नव्हते, आणि त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. आता चार वाजता तो तव्याशी उभा राहतो. हंचू म्हणजे तवा, बेल्ल म्हणजे गूळ, गोदी म्हणजे गहू हे त्याला ठाऊक झाले आहे. तुप्प तर शिकावे लागले नाही, ते आपले तूपच. परवा त्याने आजीला पहिले पूर्ण वाक्य ऐकवले: ‘‘अज्जी, हंचू काद अद.’’ तवा तापलाय. त्यांनी आच कमी केली आणि क्रियापद दुरुस्त केले, ‘‘कादद.’’

उरलेले पीठ फ्रिजमध्ये एक दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होते, तेव्हा पाणी न घालता दूध घालावे.