‘चालतोय ना, मग राहू द्या!’

घरातला सात-आठ वर्षांचा संगणक नव्याने सजवायचा ठरला, की खरेदीची यादी ठरलेलीच असते. नवा प्रोसेसर, त्याला साजेसा मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि मुलाने हट्टच धरला तर ग्राफिक्स कार्ड. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अशा याद्या सध्या बऱ्याच घरांत तयार होत आहेत. यादीच्या शेवटी कोणीतरी विचारते, ‘एसएमपीएसचं काय?’ त्याचे उत्तरही ठरलेले, ‘चालतोय ना, मग राहू द्या!’

हे उत्तर कधी बरोबर असते, कधी महागात पडते. माझा आक्षेप आहे तो ते न तपासता देण्याला.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पंखा असलेला पत्र्याचा डबा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज पुरवतो. रॅम बिघडली तर रॅम जाते. एसएमपीएस बिघडला तर तो सोबत मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की पुरवठा तोडणारी संरक्षक व्यवस्था असते. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या स्वस्त डब्यांत अनेकदा नेमकी तिथेच काटकसर केलेली असते.

म्हणून आधी डब्यावरचे लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ दिसते आणि आपण तिथेच थांबतो. कामाचा आकडा खालच्या तक्त्यात असतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांतून घेतात. तक्त्यात १२ व्होल्टसमोर १७ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॅट. ४५० पैकी तुमच्या उपयोगाचे जेमतेम एवढेच. पूर्वी ५ आणि ३.३ व्होल्टवर बराच भार असे. २००० साली, पेंटियम ४च्या काळात, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी जोडणी आली आणि भार तिकडे सरकत गेला. जुन्या धाटणीच्या डब्यांवरची बेरीज मात्र उरलेल्या दोन आकड्यांनी फुगलेली असते.

आता हिशेब मांडू. इंटेलचा कोअर आय५-१२४०० पूर्ण जोरात असताना ११७ वॅटपर्यंत वीज घेतो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅटचे. दोघांचे मिळून २८७ वॅट झाले. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे ५० धरले, की आकडा ३४०च्या आसपास जातो. वरच्या २०४ वॅटच्या डब्यावर हा संगणक बहुधा सुरू होईल, विंडोज उघडेल, ईमेलही वाचता येतील. पण मुलाने गेम लावला, की पडदा काळा होण्याची शक्यता मोठी. मग नव्या कार्डालाच दोष दिला जातो. ‘चालतो’ ही परीक्षा अपुरी आहे ती यामुळे. संगणक मोकळा बसलेला असताना कोणताही डबा चालतो.

जुन्या डब्याला ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची तार नसली, तर हार्ड डिस्कच्या तारेला जोडतार लावून काम भागवले जाते. आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट वीज घेतली जाऊ शकते. डिस्कसाठी काढलेल्या तारेवर ती लादली, तर प्लग तापून वितळू शकतो. असा जुगाड कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

दुसरा प्रश्न वयाचा. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथे टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या, धुळीने पंखा जड झालेल्या डब्याची सात वर्षे आणि हवेशीर खोलीतल्या डब्याची सात वर्षे सारखी धरता येणार नाहीत. चांगल्या एसएमपीएसना पाच, सात, काहींना दहा वर्षांची वॉरंटी असते. बिलावरची तारीख ही म्हणूनच सोपी फूटपट्टी.

तिसरा प्रश्न थेट आपल्या अंगाशी येणारा. कॅबिनेटला हात लागला, की झिणझिण्या येतात, ही तक्रार अनेक घरांत असते. त्याचा दोष लगेच एसएमपीएसला दिला जातो. पुष्कळदा तो भिंतीत असतो. एसएमपीएसच्या सुरुवातीलाच एक फिल्टर असतो आणि त्यातून अगदी थोडा प्रवाह अर्थिंगकडे जाणे अपेक्षितच असते. अर्थिंग नसेल किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरने लावला असेल, तर पत्र्यावर मुख्य पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्टेज राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने एरवी झिणझिण्यांवर निभावते. पण आतले इन्सुलेशन खराब होऊन पत्र्यात थेट वीज उतरली, तर अर्थिंगअभावी जीव धोक्यात येतो. त्यामुळे नवा एसएमपीएस आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि डबा घरी उघडू नका, अगदी पंखा पुसण्यासाठीही नाही. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

याचा अर्थ एसएमपीएस सरसकट बदला असा नाही. चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस वॉरंटीत असेल, १२ व्होल्टवरची क्षमता गरजेपेक्षा निदान तिसऱ्या हिश्श्याने जास्त असेल, लागणाऱ्या सगळ्या तारा त्याच्या स्वतःच्या असतील आणि वास किंवा कुरकुर नसेल, तर तो ठेवा. ८५० वॅटशिवाय पर्याय नाही असे सांगणाऱ्या विक्रेत्याला वरचा हिशेब दाखवा. मोठा एसएमपीएस जास्त वीज ‘खातो’ हाही गैरसमज आहे. संगणक मागेल तेवढीच वीज तो पुरवतो. प्रश्न फक्त विनाकारण खर्चाचा. ‘८० प्लस’ ही खूण कार्यक्षमता सांगते, पण ती टिकाऊपणाची हमी नव्हे.

बदलायचाच ठरला तर दोन गोष्टी सांभाळा. सुट्या तारांचा मॉड्युलर एसएमपीएस असेल, तर जुन्या तारा नव्याला लावू नका. डब्याकडच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. प्लग नीट बसतो आणि डिस्क जळते. दुसरे म्हणजे साध्या यूपीएस-इन्व्हर्टरची ओबडधोबड लहर काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही; वीज जाताच संगणक बंद पडतो. खरेदीआधी आपल्या यूपीएसचे मॉडेल दुकानदाराला दाखवा.

जुना डबा भंगारात देऊ नका. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या, की विषारी धूर निघतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच तो द्यावा.

पैसे कमी पडत असतील तर काय करावे? माझे मत, ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्यावे, एसएमपीएस नाही. कार्ड पुढच्या दिवाळीलाही घेता येईल. बिघडलेल्या एसएमपीएसने हार्ड डिस्क जाळली, तर त्यावरचे लग्नाचे फोटो आणि दुकानाचे हिशेब कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.