गाडी मालकांची, निर्णय दुसऱ्यांचा

जून १९९४ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात, स्प्रिंग हिल या छोट्या गावी सुमारे ४४ हजार माणसे जमली होती. निमित्त निवडणुकीचे नव्हते, धर्माचेही नव्हते. आपली मोटारगाडी ज्या कारखान्यात तयार झाली तो कारखाना पाहावा आणि ती ज्या हातांनी जोडली त्या हातांशी हस्तांदोलन करावे, एवढ्यासाठी ही कुटुंबे दूरदूरच्या राज्यांतून शेकडो मैल गाडी हाकत आली होती. मध्येच वादळी पाऊस कोसळला, तरी लोकांचा उत्साह ओसरला नाही. गाडीही काही ऐश्वर्याचे प्रतीक नव्हे. पगारदार माणसाला परवडेल अशी ती एक लहान, साधी गाडी होती. तिचे नाव सॅटर्न. कंपनीने या मेळाव्याला 'होमकमिंग' असे नाव दिले होते. मराठीत त्याला माहेरपणच म्हणावे लागेल. कारखान्याच्या दाराशी ग्राहक येतो तो सहसा तक्रार घेऊन. येथे तो शिदोरी घेऊन आला होता.

या मेळाव्याला सोळा वर्षे होतात न होतात तोच, २०१० मध्ये, सॅटर्न हे नाव बाजारातून पुसले गेले. अमेरिकेत मोटारींची नावे जन्मतात आणि मरतात, त्यात नवल नाही. पॅकार्ड गेली, स्टुडबेकर गेली, १८९७ साली सुरू झालेली ओल्ड्समोबील २००४ मध्ये गेली. परंतु ग्राहकांचे इतके प्रेम लाभलेली गाडी मातृसंस्थेच्याच हातून कशी संपली, हा प्रश्न मोटारींत रस नसलेल्यांनीही विचारावा असा आहे. प्रश्न यंत्राचा नाही, विश्वासाच्या मालकीचा आहे.

सॅटर्नचा जन्म भीतीतून झाला. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईने अमेरिकनांना लहान गाडीची किंमत कळली आणि ती चांगली कशी बनवावी हे जपान्यांना अधिक ठाऊक आहे हेही कळले. जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी असलेल्या जनरल मोटर्सला हा धक्का पचणे कठीण होते. १९८१ मध्ये अध्यक्ष झालेल्या रॉजर स्मिथ यांनी जुन्या विभागांची डागडुजी करण्याऐवजी अगदी नवी कंपनीच उभारण्याचे ठरवले आणि जानेवारी १९८५ मध्ये सॅटर्न कॉर्पोरेशन स्थापन झाली. ज्या अग्निबाणाने अमेरिकनांना चंद्रावर नेले त्याचे नाव तिला देण्यात आले. आपल्याकडे शनीच्या नावाने गाडी विकायला काढण्याचे धाडस कोणत्या कारखानदाराने केले असते, हा प्रश्न वेगळा. पुढे जे घडले ते पाहता साडेसातीवर श्रद्धा असणाऱ्यांना आयतेच उदाहरण मिळाले.

नावीन्य यंत्रातही होते, पण खरे नावीन्य माणसांच्या व्यवस्थेत होते. १९८४ मध्ये कंपनीचे व्यवस्थापक आणि 'युनायटेड ऑटो वर्कर्स' या कामगार संघटनेचे सभासद मिळून ९९ जणांचा एक गट नेमण्यात आला. त्यांनी निरनिराळ्या देशांतील कारखाने पाहिले आणि नव्या कंपनीचा आराखडा एकत्र बसून तयार केला. संघटनेचे उपाध्यक्ष डोनाल्ड एफ्लिन यांनी त्यासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. त्यातून १९८५ चा जो करार झाला तो अमेरिकन कामगार चळवळीतील एक विलक्षण दस्तऐवज आहे. नेहमीच्या जाडजूड करारातील शेकडो कलमांच्या जागी काही थोडकी पाने होती. कामगारांनी मूळ वेतन इतर कारखान्यांपेक्षा कमी घ्यायचे आणि उरलेली रक्कम प्रशिक्षण, गुणवत्ता व उत्पादन यांची उद्दिष्टे गाठल्यावर मिळवायची. त्याच्या बदल्यात कामाची पद्धत, नेमणुका आणि दर्जा यांबाबतचे निर्णय कामगारांच्या लहान गटांनी घ्यायचे. अनेक जागी एक व्यवस्थापक आणि एक संघटनेचा प्रतिनिधी अशी जोडी मिळून कारभार पाही. ठिकठिकाणच्या कारखान्यांतून अनुभवी कामगार घरदार हलवून टेनेसीत आले. ३० जुलै १९९० रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, स्मिथ यांनी संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर यांच्यासह पहिली गाडी कारखान्याबाहेर काढली.

बाजारात सॅटर्नने जे केले ते अमेरिकन ग्राहकाला आणखी अपरिचित होते. तेथे मोटार विकत घेणे हा एक शारीरिक व मानसिक छळ मानला जातो. छापील किंमत एक, विक्रेत्याच्या मनातली दुसरी आणि तासभर घासाघीस केल्यावर ठरणारी तिसरी. ज्याची जीभ चालते त्याला गाडी स्वस्त, भिडस्ताला महाग. सॅटर्नने 'एकच भाव' ठेवला. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर अशी पाटी असे, पण तेथे हा प्रकार क्रांतिकारक ठरला. एकट्याने गाडी घ्यायला जाणाऱ्या स्त्रियांना त्याचे महत्त्व विशेष वाटले. गाडी पसंत न पडल्यास ठरावीक मुदतीत परत करून पैसे घेण्याची सोय होती. ताबा देताना दुकानातील सारे कर्मचारी भोवती जमत, टाळ्या वाजवत, छायाचित्र काढत. हा थोडा नाटकीपणा होता हे खरे. पण आयुष्यभरात दोन-चार वेळाच येणाऱ्या प्रसंगी आपल्याला कोणी ओळखते, हा अनुभव त्या माणसांना नवा होता.

नाटकामागे आचरणही होते. १९९१ मध्ये इंजिन थंड ठेवणारे द्रव सदोष निघाले आणि अठराशेहून अधिक गाड्यांत ते भरले गेल्याचे आढळले. इंजिन धुऊन, दुरुस्त करून गाड्या परत देणे शक्य होते. सॅटर्नने त्या ग्राहकांना सरळ नव्या गाड्या दिल्या. अलास्कातील एका मालकिणीच्या गाडीची सदोष आसने बदलण्यासाठी कंपनीने तंत्रज्ञ पाठवला आणि मग त्याची जाहिरात केली. जाहिरात केली म्हणून कृत्य खोटे ठरत नाही.

गाडी निर्दोष होती असे मात्र तिचे निष्ठावंत मालकही म्हणत नसत. इंजिन कर्कश होते. मैलांचा आकडा वाढला की ते तेल पिऊ लागे, आणि दर आठवड्याला तेलाची पातळी पाहण्याची सवय हा अनेक सॅटर्नवाल्यांच्या दिनक्रमाचा भाग बनला. दारे आणि बाजूचे भाग पोलादी पत्र्याऐवजी एका प्रकारच्या प्लास्टिकचे होते. ते उन्हात प्रसरण पावत म्हणून जोडांमध्ये फट जास्त ठेवावी लागे व गाडी किंचित ढिली दिसे. पण त्याच दारावर बाजारातली ढकलगाडी आपटली तर पोचा पडत नसे, आणि बर्फाळ प्रदेशातील रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने जिथे इतर गाड्यांचे पत्रे कुजत तिथे सॅटर्नची दारे नव्यासारखी राहत. पेट्रोल ती बेताने खाई. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वडिलांनी तीच गाडी द्यावी आणि त्यानेही ती आणखी काही वर्षे चालवावी, असे कितीतरी घरांत घडले. मालकाने दोष पत्करले ते अज्ञानाने नव्हे. आपल्याला कोणी फसवलेले नाही, एवढी खात्री असली की माणूस दोषांशी जुळवून घेतो.

हा विश्वास राखण्यात कामगारांचा वाटा किती होता, याचा पुरावा १९९१ मध्येच मिळाला होता. उत्पादन वाढवण्यासाठी गुणवत्तेशी तडजोड होत आहे असे वाटल्यावर, जनरल मोटर्सचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट स्टेंपेल भेटीला आले असताना कामगारांनी दंडाला फिती बांधून निषेध नोंदवला. वेतनवाढीसाठी झालेले निषेध जगाने पुष्कळ पाहिले आहेत. सदोष माल बाहेर जाऊ नये म्हणून झालेले निषेध विरळाच.

१९९४ साली सॅटर्नच्या सुमारे २ लाख ८६ हजार गाड्या विकल्या गेल्या. हा कळस ठरला. या यशाच्या क्षणी नव्या गाड्यांची गरज होती, आणि नेमका त्याच वेळी मुख्यालयाने हात आखडला. त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. कंपनी उभारण्यात अब्जावधी डॉलर गेले होते, लहान गाडीवर नफा तुटपुंजा होता, आणि शेवर्ले, पाँटिअॅक वगैरे जुन्या विभागांना आपल्या ताटातला घास या धाकट्या भावंडाला का, असा प्रश्न पडला होता. हा हिशेब खोटा नव्हता, पण अपुरा होता. ग्राहकांनी परत येण्याची जी इच्छा दाखवली होती ती ताळेबंदात कोठेच लिहिलेली नव्हती. १९९० ची गाडी थोड्याफार फेरफारांसह २००२ पर्यंत विकली गेली. दोन मुले झालेले कुटुंब मोठी गाडी शोधू लागे तेव्हा सॅटर्नकडे दाखवायला काहीच नसे. पहिली मोठी गाडी १९९९ मध्ये आली ती जर्मनीतील ओपेलच्या आराखड्यावर बेतलेली, आणि स्प्रिंग हिलऐवजी डेलावेअर राज्यातील दुसऱ्याच कारखान्यात बनलेली. ज्यांच्या हातांची ओळख हीच या नावाची पुंजी होती, ते हात त्या गाडीला लागलेच नव्हते. मधल्या काळात लोक जीपसारख्या उंच गाड्यांकडे वळले. जपानी कंपन्यांनी तशा लहान गाड्या १९९६-९७ मध्येच अमेरिकेत आणल्या होत्या. सॅटर्नची 'व्ह्यू' २००१ च्या अखेरीस अवतरली. २००३ च्या डिसेंबरात स्प्रिंग हिलच्या कामगारांनीच मतदान करून आपला वेगळा करार सोडला आणि कंपनीचा सर्वसाधारण करार पत्करला. भागीदारीचा अर्थ उरला नाही असे त्यांना वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

याच सुमारास बाजारात आलेल्या सॅटर्न 'आयन'ची कथा अधिक काळी आहे. या गाडीतील किल्ली फिरवण्याचा स्विच सैल होता. जड जुडगा लोंबकळत असला किंवा गाडीला हिसका बसला की किल्ली आपोआप मागे फिरे, इंजिन बंद पडे, ब्रेक व चाक जड होत आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. हा दोष गाडी विक्रीला येण्यापूर्वी, २००१ मध्येच, कंपनीतील अभियंत्यांच्या नजरेला आला होता. तोच स्विच शेवर्लेच्या 'कोबाल्ट'मध्येही बसवला गेला. २००६ मध्ये सुटा भाग गुपचूप बदलण्यात आला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे पुढे शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या फेब्रुवारी २०१४ पासून, आणि त्यांची संख्या अखेर २६ लाखांवर गेली. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी अमेरिकन काँग्रेससमोर क्षमा मागितली. २०१५ मध्ये सरकारशी तडजोड करताना कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. थंड द्रव बिघडले म्हणून आख्ख्या गाड्या बदलून देणारे नाव आणि क्षुल्लक किमतीच्या स्विचबद्दल तेरा वर्षे मौन बाळगणारे नाव एकच होते. बोधचिन्ह तेच राहिले, त्यामागची माणसे आणि त्यांचे अधिकार बदलले होते. १९९१ मध्ये दंडाला फिती बांधणाऱ्यांच्या हाती २००१ मध्ये काही उरले नव्हते.

शेवट झटपट झाला. स्प्रिंग हिलमध्ये २००७ नंतर सॅटर्न बनली नाही. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. शर्यतींच्या आणि मोटारविक्रीच्या व्यवसायातील रॉजर पेन्स्के सॅटर्न विकत घेण्यास पुढे आले. पण ज्या कंपनीकडून पुढच्या काळात गाड्या बनवून घ्यायच्या होत्या तिच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबरला तो व्यवहार फिसकटला. सुमारे साडेतीनशे विक्री केंद्रांवरील माणसांना त्या दिवशी कळले की आपले दुकान बंद होणार. मालकांना सांगण्यात आले की दुरुस्तीसाठी शेवर्लेसारख्या भावंडांच्या केंद्रांत जा. गाडीची फेरविक्रीची किंमत घसरली ती घसरलीच. तरीही ज्यांनी जुन्या सॅटर्न सांभाळल्या ते भंगाराच्या आवारात जाऊन बोल्ट सोडवून दारे, बंपर आणतात आणि निळ्या गाडीला लाल दार लावून चालवतात.

जनरल मोटर्सच्या अशा निर्णयांशी महाराष्ट्राचाही संबंध आला आहे. या कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये तो गुंडाळला. २००८ मध्ये तळेगावला तिचा मोठा कारखाना उघडला. मे २०१७ मध्ये जाहीर झाले की वर्षअखेरीस भारतात शेवर्लेची विक्री बंद होईल. ज्या कारकुनाने, शिक्षकाने कर्ज काढून 'बीट' किंवा 'स्पार्क' घेतली होती त्याच्या गाडीची किंमत त्या एका घोषणेने उतरली. तळेगावात निर्यातीसाठी उत्पादन चालू राहिले ते डिसेंबर २०२० पर्यंत. नंतर कामगारांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. डेट्रॉइटमधील टेबलाभोवती ना तळेगावचा कामगार होता, ना पुण्यातील कर्जदार ग्राहक.

जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींना मिळतात. त्याने सर्व कारखाने वाचतात असे नाही. ओपेलचा बोखुमचा कारखाना २०१४ मध्ये बंद झालाच. परंतु तेथे बंदचा निर्णय कामगारांच्या समोर, त्यांचा विरोध नोंदवून घ्यावा लागतो. सॅटर्नच्या करारात कारखान्याच्या आतील जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर कामगाराला मत होते. नवी गाडी काढायची की नाही आणि ती कोठे बनवायची, या प्रश्नावर त्याचे मत निर्णायक नव्हते. भारतात तर कारखाना बंद करण्याच्या परवानगीवर वाद झडतो, पण विकलेल्या गाडीचे सुटे भाग किती वर्षे पुरवावेत, फेरविक्रीतील तोट्याची जबाबदारी कोणाची, याबद्दल ग्राहकाला विचारण्याची कोणालाच गरज वाटत नाही. कंपनी देश सोडताना सरकारची देणी आणि विक्रेत्यांची भरपाई यांचा हिशेब होतो. त्या हिशेबात गाडीच्या मालकाचे खाते उघडावे, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि विधिमंडळातील त्यांच्या प्रतिनिधींनी आता तरी लावून धरली पाहिजे.