प्रेप घेणाऱ्या तरुणांना आधार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई

विषय : एचआयव्ही प्रतिबंधक औषध नियमित घेता यावे यासाठी तरुणांना साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

एचआयव्हीची लागण झालेली नाही, परंतु ती होण्याचा मोठा धोका आहे, अशा व्यक्तीने संसर्गापूर्वीच घ्यावयाच्या औषधाला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन यांची एकत्रित गोळी सांगितल्याप्रमाणे घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी प्रेपची शिफारस केली आहे. तथापि गोळी हाती पडली म्हणजे ती घेतली जातेच असे नाही, याकडे संस्थेचे लक्ष वेधण्यासाठी हे निवेदन सादर करण्यात येत आहे.

दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वे येथे पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘व्हॉइस’ चाचणीत बहुतेकींनी गोळ्या घेत असल्याचे सांगितले; प्रत्यक्षात रक्ताच्या एक तृतीयांशाहून कमी नमुन्यांत औषध आढळले, पंचविशीच्या आतील अविवाहित तरुणींत ते विशेष कमी होते, आणि त्यामुळे औषधाचा लाभ दिसून आला नाही. गोळ्या पाहून आपल्याला एचआयव्हीबाधित समजले जाईल, ही भीती त्यामागील एक कारण होती. याउलट कोलकात्यातील सोनागाछी आणि म्हैसूर येथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनीच प्रेपचे प्रकल्प चालवले, तेव्हा आपल्यातल्याच कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यामुळे बहुतेकींनी औषध चालू ठेवले.

महाराष्ट्रातील वसतिगृहांची स्थितीही विचारात घेण्याजोगी आहे. एका खोलीत तिघे-चौघे राहतात, कपाट सामायिक असते, आणि तीस गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी एचआयव्हीच्या उपचारासाठी मिळणाऱ्या डबीसारखीच दिसते. शिवाय दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी आवश्यक असते आणि ओपीडीची वेळ नेमकी तासांच्या वेळेत येते. यास्तव पुढील मागण्या करण्यात येत आहेत.

१. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांतून प्रेप आणि त्यासाठीच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी व मूत्रपिंडाच्या तपासण्या मोफत मिळाव्यात, तसेच आठवड्यातून किमान एक दिवस केंद्र सायंकाळी खुले असावे.

२. प्रत्येक केंद्रावर समवयस्क कार्यकर्ते मानधनावर नेमावेत. सुरुवातीची मळमळ व डोकेदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते, गोळी चुकल्यास काय करावे, आणि प्रेपमुळे गरमी, परमा वा गर्भधारणा टळत नसल्याने निरोधही का वापरावा, हे त्यांनी उपदेशाचा सूर न लावता समजावून द्यावे.

३. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ ने चाचणीसाठीची संमती आणि माहितीची गोपनीयता यांना दिलेले संरक्षण प्रेपच्या नोंदींनाही लागू करावे. औषध साध्या पाकिटात द्यावे आणि घरच्या पत्त्यावर वा क्रमांकावर संदेश पाठवू नये.

४. धोक्याच्या प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाच्या औषधासाठी, म्हणजे ‘पेप’साठी, आलेल्या तरुणाला तो क्रम संपताच चाचणी करून प्रेपचा पर्याय द्यावा.

५. १८ वर्षांखालील मुलामुलींना समुपदेशन देताना पोक्सो कायद्यातील कळविण्याच्या बंधनामुळे केंद्रे धास्तावतात व मुले दूर राहतात. यावर विधी विभागाचा सल्ला घेऊन लेखी सूचना काढाव्यात.

६. महाविद्यालयांतील रेड रिबन क्लब आणि १०९७ ही मदतवाहिनी यांद्वारे प्रेपची माहिती सोप्या मराठीत द्यावी.

७. सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकापॅव्हिर इंजेक्शनची जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये शिफारस केली आहे. ज्यांना रोजची गोळी लपवावी लागते त्यांच्यासाठी ते राज्यात आणण्याचा प्रस्ताव केंद्र शासनाकडे पाठवावा.

भारतीय कंपन्या प्रेपच्या गोळ्या तयार करतात आणि चाचणी केंद्रांचे जाळे राज्यात आधीच आहे; उणीव आहे ती पाठपुरावा करणाऱ्या माणसांची आणि गोपनीयतेच्या हमीची. तरी वरील मागण्यांवर सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, त्यांवरील निर्णय निवेदनकर्त्यांना लेखी कळविण्यात यावा, ही नम्र विनंती.

निवेदनकर्ते,
राज्यातील युवक आरोग्य कार्यकर्ते, विद्यार्थी व पालक